संशय माणसावर, शंका बोलण्यावर
बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागातल्या अविश्वासाच्या शब्दांचा आढावा

भालकीच्या बसस्थानकावर गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ कानडी वर्तमानपत्र वाचत होते आणि जवळ बसलेल्या थोरल्या बहिणीला त्याच दमात मराठीत सांगत होते. एका बातमीपाशी थांबले. मथळ्यात ‘अनुमानास्पद सावु’ असे शब्द होते. ते म्हणाले, “अक्का, अनुमानाचं मरण हाय बघ.” अक्कांनी विचारलं, “कुणावर अनुमान हाय म्हणे?”

त्यांचं बोलणं पुढे सरकलं, मी तिथेच अडकलो. शाळेत शिकलेल्या माझ्या मराठीत अनुमान काढतात किंवा बांधतात. ते कुणावर ‘असत’ नाही. मराठी वर्तमानपत्राने तोच मथळा ‘संशयास्पद मृत्यू’ असा दिला असता. अक्कांच्या त्या चार शब्दांच्या प्रश्नात अविश्वासाचे दोन शब्द होते. ‘अनुमान’ खटकला म्हणून लक्षात राहिला. शेवटचा ‘म्हणे’ इतका घरचा, की तो तेव्हा कानात शिरलाच नाही. पहिल्या शब्दापासून निघून दुसऱ्यापर्यंत पोचायचं, एवढाच या लेखाचा बेत आहे.

निष्कर्षाचा संशय कसा होतो

बिदर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, औराद आणि कलबुर्गीकडचे आळंद, अफजलपूर हा पट्टा कानडी, मराठी, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांत जगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात, उरलेला म्हैसुरात. सोयरिकी होत्या तिथेच राहिल्या. शब्दांचंही तसंच झालं. घर तेच, पण सीमेच्या अलीकडे एक अर्थ आणि पलीकडे दुसरा.

‘मला संशय आहे’ हे इथल्या कानडीत ‘ननग अनुमान अद’. तेलुगूत ‘नाकु अनुमानं उंदि’. हिंदीत ‘मौसम का अनुमान’ म्हणजे हवामानाचा अंदाज. त्यात संशयाचा मागमूस नाही. मराठीत अनुमान म्हणजे पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष. एकाच संस्कृत शब्दाने दक्षिणेत आणि उत्तरेत अशी वेगवेगळी नोकरी धरली आहे.

हा कानडी-तेलुगू बोलणाऱ्यांचा गैरसमज म्हणावा, तर मुळाशी जाऊन बघावं लागतं. न्यायशास्त्रात अनुमान हे प्रमाण आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे आग आहे. आग डोळ्यांनी दिसलेली नाही. धुरावरून ती मानली आहे. चार्वाकांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. जे दिसलं तेवढंच प्रमाण, जे मानलं ते कच्चं, असा त्यांचा हट्ट. म्हणजे अनुमानाच्या पोटात ‘न पाहिलेलं’ हा अर्थ पहिल्यापासून आहे. न्यायवाले त्या न पाहिलेल्याला खात्री म्हणाले, दक्षिणेच्या बोलींनी त्याला शंका म्हटलं.

आणि मराठीनेही ते एकेकाळी म्हटलंच होतं. दासबोधाचा नववा दशक उघडून फक्त समासांची नावं वाचावीत: पहिला आशंका, तिसरा निःसंदेह, पाचवा अनुमाननिर्शन, सातवा विकल्पनिर्शन, नववा संदेहवारण. संशयाच्या शब्दांची जणू उतरंडच रचली आहे आणि अनुमान तिच्यात आशंका, विकल्प, संदेह यांच्या पंगतीला बसलं आहे. समर्थ रामदासांच्या लेखी अनुमान म्हणजे प्रचीती नसलेलं, ऐकीव, डळमळीत ज्ञान. भालकीच्या अक्कांना तो दशक वाचताना अडचण पडणार नाही. अडखळेल तो पुण्याचा पदवीधर. ‘अनमान न करता जेवायला या’ असं आपण अजून म्हणतो. त्या अनमानातला संकोचही या कानडी अनुमानाचा शेजारीच वाटतो.

दरबारातून आलेले शब्द

दुसरा मोठा पुरवठा फारसी-अरबीचा. बहामनी सुलतानांनी १३४७ मध्ये गुलबर्ग्याला गादी मांडली आणि पुढच्या शतकात ती बिदरला नेली. तेव्हापासून निजामाच्या कचेऱ्यांपर्यंत सहाशे वर्षं हे शब्द वापरात राहिले. त्यांचा प्रवास बघण्यासारखा आहे.

अरबीत ‘वहम’ म्हणजे कल्पना, भास. मराठीत त्याचा ‘वहीम’ झाला आणि तो पोलिसांच्या कागदात गेला; अमक्यावर वहीम आहे. फारसीत ‘अंदेशा’ म्हणजे मुळात विचार. आपल्याकडे आला तो काळजी आणि धास्ती होऊन. फारसीत ‘गुमान’ म्हणजे मनातला समज. कानडीत त्याची ‘गुमानी’ झाली, म्हणजे थेट संशय. मराठीत तोच शब्द गर्व होऊन बसला.

चारही शब्द, अनुमान धरून, मुळात विचार करण्याचे होते. दख्खनमध्ये त्यांचा कल बहुधा संशयाकडे आणि धास्तीकडे दिसतो. आपल्या घरच्या शब्दांचीही गत निराळी नाही. संस्कृतात ‘विकल्प’ म्हणजे पर्याय; मराठी माणसाच्या मनात विकल्प ‘येतो’ तेव्हा तो कुणाविषयी तरी वाईट येतो. ‘तर्क’ चांगला, पण ‘तर्कटी’ माणूस कारस्थानी. ‘चिकित्सा’ हा विद्वानांचा शब्द, पण मुलीकडची मंडळी ‘फार चिकित्सक’ निघाली म्हणजे सोयरीक फिसकटणार. ‘चौकस’ पोराचं कौतुक होतं. ‘चौकशी’ लागली म्हणजे माणूस बुडाला.

यावरून मला एक दिसतं. सरकार-दरबाराच्या सावलीत जगलेल्या समाजात दुसऱ्याच्या मनातला विचार हा आधी धोका असतो. म्हणून विचाराचे शब्द संशयाचे होतात, आणि तो संशय बोलण्यापेक्षा माणसावर जास्त बसतो. मराठीचं व्याकरणच हे सांगतं: संशय माणसा‘वर’ घेतात, वहीम माणसा‘वर’ असतो. शंका मात्र एखाद्या गोष्टी‘विषयी’ असते, आणि ती विचारता येते. संशय विचारता येत नाही.

बिदरचे दोन कागद

हा फरक किती महाग पडू शकतो, ते बिदरने पाहिलं आहे. इराणातल्या गिलानहून आलेला ख्वाजा महमूद गवान बहामनी राज्याचा वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने बिदरला बांधलेल्या मदरशाच्या निळ्या-हिरव्या फरशांचे अवशेष आजही भिंतीवर आहेत. दरबारातल्या त्याच्या वैऱ्यांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला वश केलं, कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला स्वारीचं आमंत्रण देणारा मजकूर लिहिला. सुलतान मुहम्मद तिसरा याने कागद समोर धरला. शिक्का आपला आहे, मजकूर आपला नाही, असं गवानने सांगितल्याचं फरिश्ता लिहितो. पुढे चौकशी झालीच नाही. एप्रिल १४८१ मध्ये त्या म्हाताऱ्या वजिराचं डोकं उडवलं गेलं. खरं कळल्यावर सुलतान पस्तावला, वर्षाच्या आत तोही गेला आणि राज्य फुटत गेलं.

सुलतान अविश्वासात कमी पडला नव्हता. अविश्वास भरपूर होता. तो सगळा माणसावर गेला, कागदावर थेंबही नाही.

आणि कागद तपासायचा कसा, हे याच मुलखात गवानच्या साडेतीनशे वर्षं आधी लिहून ठेवलेलं होतं. आजचं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ या काळात राज्यावर असताना विज्ञानेश्वराने तिथे मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका रचली. हिंदू वारसा कायद्यामुळे तिचं नाव वकिलांच्या तोंडी राहिलं. पण पुराव्याचा विचारही तिच्यात तितकाच बारीक आहे. लेख, साक्षी आणि भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष ताबा, ही माणसांच्या हातातली प्रमाणं आधी पाहायची. ती नसतील तरच दिव्याकडे, म्हणजे दैवी कसोटीकडे, वळायचं. आणि लेख संदिग्ध असेल तर त्याच माणसाच्या हातचं दुसरं लिखाण घेऊन अक्षर ताडून बघायचं. मिताक्षरेने शंकेचा रोख कागदाकडे ठेवला होता. बिदरच्या सुलतानाला एवढंच करायचं होतं: गवानच्या हातचं दुसरं पत्र मागवायचं.

बिदरचा दुसरा कागद कथेतला आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना खुली केली, बिदरहून बोलावणं आलं. इकडे विठोबा विठू महार होऊन दरबारात गेला, धान्याचे पैसे मोजून दिले आणि रसीद घेऊन आला. कथा भक्तीची, पण रचणाऱ्याला कचेरीची नस ठाऊक होती. देवालासुद्धा बिदरहून रसीद घ्यावी लागली. नुसत्या शब्दावर पंत सुटले नसते.

श्रद्धेच्या प्रदेशातला प्रश्न

अविश्वास म्हटलं की आज मराठी वाचकाला आधी देवाधर्माचा अविश्वास आठवतो: नास्तिक, अंधश्रद्धा, बुवाबाजी. सीमाभागाची नोंद याही बाजूने समृद्ध आहे.

अफजलपूर तालुक्यातलं गाणगापूर हे गुरुचरित्राचं केंद्र. ग्रंथ मराठी, पण कर्ता सरस्वती गंगाधर कानडी घरातला. त्यात कुमसीच्या त्रिविक्रम भारतींची कथा आहे. हे स्वतः संन्यासी. चरित्रनायक नृसिंह सरस्वती पालखीत बसतात, राजासारखा थाट मिरवतात, हा कसला यती, हा दंभ आहे, असं ते उघड म्हणत. प्रश्न चुकीचा नव्हता. आजही कुणी विचारील. कथेत श्रीगुरू रागावत नाहीत, शापही देत नाहीत. निंदा करणाऱ्याच्या गावी स्वतः जातात आणि विश्वरूपाचं दर्शन देऊन त्याचं शंकासमाधान करतात. उत्तर चमत्काराचं आहे, ते सगळ्यांना पटेल असं नाही. तरी शंका घेणाऱ्याकडे आपण चालत जायचं, ही रीत लक्षात घ्यावी अशी आहे.

बाराव्या शतकात कल्याणीला बसवण्णा आणि शरणांनी जातीला, कर्मकांडाला आणि देवळाच्या मक्तेदारीला प्रश्न विचारले. ते नास्तिक नव्हते. इष्टलिंग हातात धरून विचारत होते. पुढे हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंनी (१८१७ ते १८६५) सकलमत संप्रदाय उभा केला आणि मराठी, कानडी, उर्दूत पदं रचली. कोणतंच मत खोटं न मानण्याची ती भूमिका. एकाने सगळ्या मतांना प्रश्न केला, दुसऱ्याने सगळ्यांना जागा दिली; दोन्ही घरं एकमेकांपासून फार लांब नाहीत.

शब्दांतही गंमत आहे. आपल्या ‘अंधश्रद्धे’ला कानडीत ‘मूढनंबिके’ म्हणतात. ‘नंबिके’ हा विश्वासासाठी अस्सल कानडी शब्द. त्याला संस्कृत ‘अप’ लावून ‘अपनंबिके’, म्हणजे अविश्वास. आणि ‘विश्वास’ या शब्दात कानडी माणूस भरवशाबरोबर मायाही घालतो. ‘प्रीती-विश्वास’ ही तिथली जोडी. ग्रामपंचायतीतला अविश्वास ठराव कानडीतही ‘अविश्वास’च आहे. त्या कानाला तो मराठीपेक्षा जरा जास्त लागत असणार.

कायदे दोन्हीकडे झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. कानडी संशोधक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडला त्यांच्या घरी गोळ्या घातल्या. कर्नाटकाचा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि जानेवारी २०२० मध्ये लागू झाला. त्याच्या काही दिवस आधी, २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात, कलबुर्गीजवळच्या ताजसुलतानपूरला अपंग मुलांना गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवलं होतं. ग्रहणात असं केलं की अंगात बळ येतं, हा समज. त्या आईबापांना हसण्यात अर्थ नाही. आधी कुणीतरी त्यांना सांगितलं असणार, ‘बरं होतं म्हणे’. हातोहात फिरताना त्यातलं ‘म्हणे’ गळून पडलं आणि उरलं ‘बरं होतं’.

म्हणे, अंते, अट, कते

इथे दुसऱ्या शब्दाकडे वळतो. ‘पाऊस आला’ आणि ‘पाऊस आला म्हणे’ यांत बातमी तीच. दुसऱ्या वाक्यात बोलणारा एवढंच सांगतो की मी पाहिलेलं नाही, जबाबदारी माझी नाही. कानडीत हेच काम ‘अंते’ करतं: ‘बंदनंते’, इकडच्या बोलीत ‘बंदानंत’, म्हणजे आला म्हणे. तेलुगूत क्रियापदाला ‘अट’ चिकटतं. दखनीत ‘कते’: ‘आया कते’. चार भाषा, त्यांची दोन कुळं, आणि चारही वाक्याच्या शेवटी तेच लहानसं शेपूट लावतात.

हा योगायोग नव्हे. १९५६ मध्ये, भाषेवरून राज्यांच्या रेषा आखल्या गेल्या त्याच वर्षी, भाषाशास्त्रज्ञ एम. बी. एमेनो यांचा भारत हा एक भाषिक प्रदेश आहे असं मांडणारा लेख प्रसिद्ध झाला. कुळं वेगळी असली तरी शेजाराने भाषांच्या सवयी एक होतात, हा त्याचा गाभा. १९७१ मध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास छापला. तिथली मराठी, कानडी आणि उर्दू शब्दांनी वेगळ्या राहिल्या होत्या, पण वाक्यांचा सांगाडा इतका सारखा झाला होता की एकीतलं वाक्य शब्दामागे शब्द ठेवून दुसरीत नेता येई. बिदरच्या चौकात हेच रोज ऐकू येतं.

‘म्हणे’ची जागाही अर्थ बदलते. कलबुर्गीच्या बाजारात तुरीचा हंगाम चालू होता. आळंदकडचा एक शेतकरी पोती उतरवून उभा होता. अडत्याने पोत्यात हात घातला, मूठभर तूर तळव्यावर पसरली, एक दाणा दाताखाली धरला आणि मान हलवली. “ओल हाय.”

“चार दिस वाळवलंय की.”

“म्हणे वाळवलंय!” अडत्या हमालाकडे बघत हसला.

शेतकऱ्याने दुसऱ्या पोत्याच्या तळातून दाणे काढून पुढे केले. “हे दाताखाली घ्या, मग बोला.” दाणा कटकन फुटला. अडत्या गप्प झाला, हमालाने पोतं काट्यावर चढवलं.

‘वाळवलंय म्हणे’ ही ऐकीव माहिती. ‘म्हणे वाळवलंय’ ही टवाळी. एक शब्द मागून पुढे आला की नोंदीचा नकार होतो. त्याहून महत्त्वाचं, भांडण दाण्यावर झालं आणि दाण्यानेच मिटलं. शेतकऱ्यावर कुणी वहीम घेतला नाही. बिदरीचं काम करणारे कारागीर किल्ल्यातली माती घेताना ती जिभेला लावून पाहतात. जस्त-तांब्याच्या भांड्यावर काळा रंग धरील अशीच माती हवी असते. तोही असलाच अविश्वास: मातीवरचा, आणि चवीने सुटणारा.

या यादीत आणखी एक शब्द हवा. ‘आला का?’ असं विचारल्यावर सीमाभागातली बाई ‘काय की’ म्हणते. ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही. मला ठाऊक नाही आणि ठाऊक असल्याचं सोंगही करणार नाही. ग्रीक पिऱ्होच्या पंथाने निवाडा राखून ठेवण्याला तत्त्वज्ञानाचा मान दिला. ज्या ग्रीक शब्दावरून संशयवाद्यांना नाव मिळालं, त्याचा मूळ अर्थ निरखून पाहणं असाच आहे. दोन अक्षरी ‘काय’ला ‘की’ जोडून आपल्याकडे ते चुलीपाशी होतं.

जिथे ‘म्हणे’ गळालं

१३ जुलै २०१८. बिदर जिल्ह्यात औरादकडच्या एका गावात हैदराबादहून आलेल्या काही तरुणांनी मुलांना चॉकलेटं दिली. पोरं पळवणारी टोळी आली आहे, हा निरोप मोबाइलवरून त्यांच्या गाडीच्या पुढे धावला. मुरकी गावात जमावाने त्यांना गाठलं. एकाचा जीव गेला, सोबतचे आणि सोडवायला गेलेले पोलीस जखमी झाले. त्याआधी बाराच दिवस, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना अशाच अफवेवरून मारलं गेलं होतं. एक गाव कर्नाटकात, दुसरं महाराष्ट्रात.

या जमावांना भोळसट म्हणणं सोपं आहे, पण ते अपुरं आहे. त्यांच्या मनात अविश्वास काठोकाठ होता. अनोळखी चेहऱ्यावर, परक्या गाडीवर, चॉकलेटवर त्यांनी संशय घेतला. हातातल्या निरोपावर मात्र कुणी घेतला नाही. १४८१ मध्ये सुलतानाने जे केलं, तेच पाचशे सदतीस वर्षांनी जमावाने केलं. तोंडी बोलताना आपण सहज ‘टोळी आली म्हणे’ म्हणतो. निरोप पुढे ढकलताना बोट ‘म्हणे’ टंकत नाही. ढकलणारा सांगतही नाही की मी पाहिलेलं नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने ढकललेल्या निरोपांवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पाठवता येईल अशी मर्यादा घातली. परदेशातल्या अभियंत्यांनी जी खूण बसवली, ती या मुलखातल्या चारही भाषांच्या व्याकरणात शतकानुशतकं होती. फरक एवढाच, की खूण डोळ्यांसमोर असूनही सरावाने दिसेनाशी होते. ‘म्हणे’ तोंडातून निघावं लागतं, आणि निघालं की समोरचा हमखास विचारतो, “कोण म्हणे?”

आढाव्याचा हिशेब म्हणाल तर इतका. माणसावरच्या संशयाला या भागात शब्दांची ददात नाही: अनुमान, वहीम, गुमानी, विकल्प. बोलण्यावरच्या शंकेला मोठे शब्द नाहीत. तिच्या वाट्याला एक शेपूट आणि एक ‘काय की’ आलं. पण जीव वाचवायचा तर कामाला येतात ती हीच.

बसस्थानकावरचे ते गृहस्थ बहिणीच्या प्रश्नासाठी बातमी पुन्हा वरपासून खाली वाचून गेले. कुणाचं नाव नव्हतं. “लिहिलं न्हाई,” ते म्हणाले. अक्कांनी पिशवी उचलली, लागलेल्या गाडीकडे एकदा पाहिलं. “काय की,” म्हणाल्या आणि निघाल्या.